पंख्याची नाडी

अँबॅसिडर गाडीच्या काळात रेडिएटरचा पंखा हा काही स्वतंत्र विचार करण्याचा विषय नव्हता. इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी पाण्याचा पंप, पंपाच्या पुलीवर पंखा आणि त्या पुलीला फिरवणारा एक पट्टा. इंजिन फिरले की पंखा फिरे, इंजिन थांबले की तोही थांबे. पट्टा तुटलाच तर डोळ्यांना दिसे. गरज असो वा नसो, पहाटेच्या गारठ्यातही तो बापडा फिरतच राही आणि इंजिनाची थोडी ताकद उगाच खाई. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढे आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्या आपल्याकडे सर्रास झाल्या. इंजिन आडवे झाले म्हणजे त्याचे तोंड बाजूला वळले. रेडिएटर मात्र वाऱ्याकडे पाहत पुढेच उभा राहिला. आता इंजिनाच्या पट्ट्याने पंखा फिरवायचा कसा? म्हणून त्याला स्वतःची विजेची मोटर मिळाली. मोटर मिळाली तशी तिला 'आता फीर' म्हणणारे कोणीतरी लागले, त्याचा हुकूम पोचवणारा रिले लागला, फ्यूज आला, वायरी आल्या. एका पट्ट्याच्या जागी एक कचेरीच उभी राहिली म्हणा ना! आणि कचेरी आली की काम कुठे अडले आहे हे शोधणे आलेच.

चोर्ला किंवा आंबोली घाटात बॉनेट उघडून, हातात पाण्याची बाटली घेऊन उभी असलेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. अशा वेळी मागून येणारा प्रत्येक जण गाडी थांबवतो आणि सल्ला देतो. एक म्हणतो रेडिएटर चोंदला, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाका, तिसरा म्हणतो हेड गेले. तिघेही शहाणे, आणि तिघांपैकी एकानेही गाडी केव्हा तापते हे विचारलेले नसते.

माझे मामा दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला कुंदा आणि फराळाचे जिन्नस घेऊन जातात. त्यांची छोटी पेट्रोल गाडी आता अठरा वर्षांची झाली आहे. मागची सीट काढून तिथे डबे रचलेले असतात. जाताना उतार, येताना चढ. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात येतानाच्या चढावर गाडीचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी उभे राहिले की पुन्हा तेच. मामांनी ती शहरातल्या एका गॅरेजात दाखवली. तिथे मीटर लावून पाहिले, "करंट बरोबर येतोय, मोटरच गेली," असे सांगितले आणि साडेतीन हजारांची नवी मोटर बसवली. पुढच्या शुक्रवारी गाडी कणकुंबीच्या अलीकडे पुन्हा तापली. मग त्याच गॅरेजात 'हेड उतरवावे लागेल' असे निदान झाले. खर्च बावीस हजार, गाडी आठ दिवस अडकणार. बावीस हजार म्हणजे मामांच्या कित्येक शुक्रवारांची कमाई. जूनमध्ये माझ्या मामेभावाची कॉलेजची फी भरायची होती आणि ते पैसे मामी एका पाकिटात वेगळे ठेवत होती. त्या पाकिटाकडे मामांनी दोनदा पाहिले हे मी स्वतः पाहिले आहे.

हेड उतरवण्यापूर्वी एकदा शहापूरच्या मेस्त्रींना विचारू, असे मामीनेच सुचवले. मेस्त्री साठी ओलांडलेले. घरचे बोलणे कानडी, गिऱ्हाइकांशी मराठी आणि गाडीशी दोन्ही. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी असल्याचे मामांनी कौतुकाने सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक पिवळा मल्टिमीटर दिला आणि म्हणाले, "बरं झालं तंगी. मला चष्म्याशिवाय आकडे दिसत न्हाईत. तू वाच, मी ऐकतो."

पण मीटरला हात लावण्याआधी त्यांनी मामांना प्रश्न विचारले, अगदी जुने डॉक्टर विचारतात तसे. गाडी उभी असताना तापते की पळताना? हमरस्त्यावर कोल्हापूरला जाताना काय होते? पाणी किती दिवसांनी घालावे लागते? मामा म्हणाले, हमरस्त्यावर काही होत नाही. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये आणि गेटापाशी तापते. पाणी विशेष कमी होत नाही.

"मग अर्धं काम झालं की अण्णा," मेस्त्री म्हणाले.

त्यांचे म्हणणे असे. गाडी पन्नास-साठच्या वेगाने पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. पंख्याची फारशी गरज नसते. पंखा लागतो तो गाडी उभी असताना किंवा रांगत चढताना. म्हणजे उभ्याने तापणारी आणि पळताना निवणारी गाडी बहुधा पंख्याकडे बोट दाखवते. उलट हमरस्त्यावर पळतानाच तापत असेल तर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, दमलेला पाण्याचा पंप असे आरोपी शोधायचे. मामा गाडी अठरा वर्षे चालवत आहेत, पण तिच्याबद्दल हा प्रश्न त्यांना गॅरेजात कोणी विचारलाच नव्हता.

इंजिन थंड होते तोवर मेस्त्रींनी रेडिएटरचे झाकण उघडून पाणी काठोकाठ आहे ना ते पाहिले. गरम असताना त्या झाकणाला हात लावायचा नाही, हे त्यांनी मला तीनदा बजावले. यामागचे शास्त्र मात्र मला वर्गात शिकलेले आठवले. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. इथे उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांना नव्हे, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी ११० अंशांनाही उकळत नाही. झाकण उघडले की दाब जातो आणि ते पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येते. मेस्त्रींच्या डाव्या मनगटावर त्याची जुनी खूण आहे.

पाणी पाहण्याचे आणखी एक कारण त्यांनी सांगितले. पंख्याला हुकूम देणारा जो सेन्सर असतो तो पाण्यात बुडालेला असतो. पाणी कमी झाले तर तो हवेत उघडा पडतो आणि त्याला खरा ताप कळत नाही. मग पंखा लागत नाही, एवढेच नव्हे तर काटाही खाली येतो. चालक खूश होतो की गाडी निवली, आणि इकडे इंजिन जळत असते.

मग इंजिन चालू केले. ए.सी. लावला तर बहुतेक गाड्यांत पंखाही लागतो, ही पहिली सोपी परीक्षा. पंखा लागला. ए.सी. बंद करून गाडी तशीच उभी तापू दिली. काटा मध्यावरून थोडा चढला आणि पंखा आपणहून पुन्हा लागला. मेस्त्रींनी वर्तमानपत्राचे एक पान पुढच्या जाळीवर धरले आणि सोडून दिले. चांगला पंखा रेडिएटरच्या मागून हवा ओढतो, त्यामुळे पान जाळीला चिकटून बसते. आमचे पान क्षणभर चिकटले आणि हळूहळू घसरून खाली पडले. वायरी उलट्या जोडल्या असत्या तर पंखा उलटा फिरून पान पुढे उडाले असते. मोटर बदलल्यावर तसेही होते म्हणे, आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून कुणाला शंका येत नाही.

"पंखा लागतोय न्हवं? म्हणजे हुकूम देणारा शहाणा हाय," मेस्त्री म्हणाले. "आता हुकूम ऐकणाऱ्याच्या पोटात अन्न पडतंय का बघायचं."

पंखा मुळीच लागला नसता तर रस्ता वेगळा होता. फ्यूज पाहायचा, रिले काढून त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे बसवून पाहायचा, रिलेच्या सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या खुणांच्या दोन जागा जाड वायरीने जोडायच्या. तसे करून पंखा फिरला तर मोटर निर्दोष, दोष हुकमाच्या बाजूला. नाही फिरला तर मोटरच्या पाठीवर पेचकसाच्या मुठीने हलकेच टकटक करायची. त्याने जागी झाली तर आतले कार्बन ब्रश झिजलेले. आमच्या गाडीत यातले काही करण्याची गरज पडली नाही, पण हे सांगताना मेस्त्रींची बोटे हवेत रिले काढत होती आणि बसवत होती.

आता मीटर. गॅरेजवाल्यांनी केले तेच आधी करू, असे म्हणून त्यांनी पंख्याचा प्लग काढला आणि प्लगच्या दोन टोकांना मला मीटर लावायला सांगितले. मीटरने १३.७ व्होल्ट दाखवले. इंजिन चालू असताना बॅटरीवरही जवळपास तेवढेच. म्हणजे करंट 'बरोबर' येत होता आणि गॅरेजवाले म्हणाले ते खोटे नव्हते. मग त्यांनी प्लग पुन्हा बसवला, पंखा फिरू दिला आणि मीटरची टोके प्लगच्या मागून, वायरीच्या कडेने आत सरकवायला लावली. "निधान, निधान," ते म्हणत होते. पंख्याच्या पात्यांपासून माझी ओढणी त्यांनी आधीच कमरेला खोचायला लावली होती. मीटर म्हणाला, ९.१.

मी पुन्हा वाचले. तेच.

यातले कोडे आपल्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मीटरचा स्वतःचा रोध इतका प्रचंड असतो की त्यातून जवळपास प्रवाहच जात नाही. प्रवाह नाही तर वाटेतल्या खराब सांध्यावर व्होल्टही पडत नाहीत, कारण तिथे पडणारे व्होल्ट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. म्हणून प्लग उघडा असताना गंजलेली वायरसुद्धा ठणठणीत दिसते. मोटर जोडली, सहा-सात अँपियर वाहू लागले, की तोच सांधा आपले खरे रूप दाखवतो. पाऊण ओहमाच्या आतबाहेरचा रोध, प्रयोगशाळेत आपण ज्याकडे दुर्लक्ष करतो तेवढा, इथे चार-साडेचार व्होल्ट गिळून टाकतो. मेस्त्रींना ओहम ठाऊक नाही असे नव्हे, पण ते त्याला 'ओझं' म्हणतात. रिकामी बैलगाडी कच्च्या पुलावरून जाते, भरलेली घाला म्हणजे पूल कळतो, असे त्यांचे स्पष्टीकरण. शंका असेल तेव्हा ते मीटरऐवजी हेडलाइटचा जुना बल्ब दोन वायरी डकवून वापरतात. तो पिवळा पडला की समजायचे.

राहिलेले व्होल्ट कुठे गेले? पंखा फिरत असतानाच मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन बाजूला आणि दुसरे पंख्याच्या धन वायरीला लावले: ०.३. फ्यूज, रिले, लांब वायर, एवढे सगळे मिळून हे चालण्यासारखे. मग बॅटरीची ऋण बाजू आणि पंख्याची ऋण वायर. इथे जवळपास शून्य यायला हवे होते. मीटरने ४.३ दाखवले. ९.१, ०.३ आणि ४.३ यांची बेरीज १३.७. किर्चहॉफचा नियम मी परीक्षेत दोनदा लिहिला आहे, पण त्याची बेरीज एवढ्या आनंदाने कधी केली नव्हती.

पंख्याची काळी वायर बॅटरीच्या ट्रेखाली एका बोल्टाने गाडीच्या पत्र्याला जोडलेली होती. बॅटरीचे आम्ल, पावसाचे पाणी आणि दर आठवड्याची गोव्याची खारी हवा, तिन्हींनी मिळून तिथे हिरव्या-पांढऱ्या भुकटीचा ढीग केला होता. वायरीचे अर्धे तंतू तुटलेले. मेस्त्रींनी बॅटरी सोडवली, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, वायरीला नवी थिंबळ दाबून बसवली, बोल्ट घट्ट केला आणि वर व्हॅसलीन फासले. पुन्हा मीटर: ऋण बाजूला ०.१. पंख्याचा आवाजच बदलला. वर्तमानपत्राचे पान जाळीवर असे चिकटले की मामांना ते ओढून काढावे लागले.

मामांच्या मनात हेडची धास्ती होतीच, आणि ती अगदीच निराधार नव्हती. अल्युमिनियम तापले की बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. गाडी वारंवार तापली तर अल्युमिनियमचे हेड वाकू शकते, गॅस्केट फुटू शकते. म्हणून मेस्त्रींनी गाडी पूर्ण थंड होऊ दिली आणि झाकण उघडे ठेवून इंजिन लावले. पाण्यात बुडबुड्यांची धार नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. "हेड काढलं असतं तर चांगलंच निघालं असतं," ते म्हणाले, "आणि परत बसवून तुम्ही गेटापाशी तसंच उभारला असता."

त्यांनी दीडशे रुपये घेतले. पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम मामांबरोबर म्हापशाला गेले. येताना चोर्ल्याच्या चढावर पंखा लागायचा, थोड्या वेळाने बंद व्हायचा, पुन्हा लागायचा. काटा मध्याच्या किंचित वर जाऊन परत येई. मामा रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त पाहत होते म्हणून मी दोनदा ओरडले. पाकीट मामीच्या कपाटातून जूनच्या पहिल्या आठवड्यात निघाले आणि ज्या कामासाठी ठेवले होते त्याच कामाला गेले.

राहता राहिली ती गॅरेजने काढलेली मूळची मोटर. मामांनी ती मागून घेतली होती. मेस्त्रींनी ती बाकावर ठेवून सरळ बॅटरीला जोडली, तर ती गर्रकन फिरून बाकावरून उडी मारायच्या बेतात आली. दोनशे रुपये देऊन त्यांनी ती विकत घेतली. आता ती एका लाकडी खोक्याला ठोकलेली आहे, शेजारी एक जुनी बॅटरी, आणि मे महिन्यात मेस्त्री गाडीखालून बाहेर आले की तिच्यासमोर बसून चहा पितात.