गौरीचा तेरडा कुठे गेला?

गौर आणायची म्हणजे आम्हा रत्नागिरीकडच्या बायकांना आधी तेरडा हवा. मुखवटा, साडी, दागिने मागाहून. मुळासकट उपटून आणलेली तेरड्याची रोपे हीच आमची खरी गौर. लग्न होऊन मी पुण्याहून इथे आले, तेव्हा पहिल्याच भाद्रपदात सासूबाईंनी मला घरामागच्या सड्यावर नेले. सगळा सडा गुलाबी झालेला! "हवा तेवढा घे गो, पण सगळा उपटू नको. बी पडायला ठेव," असं त्यांनी बजावलं होतं.

गेल्या वर्षी नातीला घेऊन त्याच सड्यावर गेले. तासभर हिंडलो, तेव्हा कुठे गडग्याच्या कडेला पाच-सहा रोपे हाती लागली. बाकी सगळीकडे उंच झाडांची सावली आणि खाली वाळक्या पानांचा थर. नात म्हणाली, "आजी, एवढी झाडं आहेत, मग फुलं का नाहीत?"

मला उत्तर देववेना. कारण ती झाडे लावणाऱ्यांत मी स्वतः होते.

१९८६ सालची गोष्ट. तेव्हा वृक्षारोपणाची मोठी लाट होती. आम्ही पंधराजणी पदर खोचून सड्यावर गेलो आणि अकेशियाची रोपे लावली. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचे. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, फारशी निगा लागत नाही, बघता बघता ते डोक्यावर जाते. ओसाड सडा हिरवा केला म्हणून आम्हाला कोण अभिमान! सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "ओसाड कधी होता गो?" आम्ही हसण्यावारी नेलं.

त्यांचं म्हणणं किती खरं होतं, ते आज कळतं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. माती बोटभर, उन्हाळ्यात नुसता तवा. पण पावसाळा लागला की त्याच तव्यावर गवत येते, पांढरे गेंद येतात, जांभळी-निळी सीतेची आसवे फुलतात. तिथली माती इतकी निकस, की ही इवलीशी वनस्पती बारीकसारीक जीव पकडून आपली उणीव भरून काढते! टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. या सगळ्यांना हवे असते ऊन आणि मोकळी जागा. अकेशिया मात्र बारा महिने सावली धरते. तिची चिवट पाने लवकर कुजत नाहीत, आणि मुळांवाटे ती जमिनीतले नत्र वाढवते. शेतात हा गुण खरा. पण निकस मातीवर जगणाऱ्यांचे घरच त्याने बदलून जाते.

उरल्यासुरल्या जागेत रानमोडी घुसली. हीदेखील अमेरिका खंडातून आलेली. तिचे केसाळ बी वाऱ्यावर उडते, गुरे तिला खात नाहीत, आणि उन्हाळ्यात वाळली की वणव्याला आयते सरपण. टणटणी तर एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून देशात आणली गेली, आणि रानभर झाली.

तुम्ही म्हणाल, परकं ते सगळं वाईटच का? मुळीच नाही. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, मिरचीही तिकडचीच. आणि मी तरी कुठे इथली! आलेला पाहुणा घरच्यांना जागा ठेवतो की नाही, एवढाच प्रश्न. आपली साळुंकी १८६० नंतर ऑस्ट्रेलियात नेली, पिकांवरचे किडे खाईल म्हणून. आता ती तिथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते आणि तिला पकडायला पिंजरे लावतात. दोष साळुंकीचा नाही, न विचार करता नेणाऱ्यांचा. २०२३ साली आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: माणसाने जगभर 37,000 हून अधिक जाती परक्या मुलखात नेल्या, त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक घातक ठरल्या.

मग आपण बायकांनी काय करायचं? मुलांना काचेच्या पेटीतल्या माशांचा किंवा लाल पट्ट्याच्या कासवाचा कंटाळा आला, तर "पुण्य लागेल" म्हणून ते विहिरीत, तळ्यात सोडू नका. ते तिथल्या मासे-कासवांच्या तोंडचा घास पळवतात. रानमोडी फुलण्याआधी, माती ओली असतानाच मुळासकट उपटा. कुंपणाला निरगुडी, अडुळसा, करवंद लावा. झाड लावायचंच तर परसात रातांबा, बकुळ, सुरंगी लावा. सडा मात्र मोकळाच राहू द्या.

आमच्या वाटणीच्या तुकड्यावरची अकेशिया रीतसर परवानगी काढून तोडायची असं यंदा ठरवलं आहे. जमिनीत पडलेलं तिचं बी उगवत राहील, ती रोपे दर पावसाळ्यात उपटावी लागतील. चूक पदर खोचून केली होती, निस्तरायलाही पदर खोचावाच लागणार.

आणि हो, गेल्या वर्षी त्या पाच-सहा रोपांतली दोनच आम्ही घेतली. बाकीची बी पडायला ठेवली. सासूबाईंचं ऐकायला मला जरा उशीरच झाला, पण नातीने मात्र पहिल्याच वेळी ऐकलं.