जमिनीलगतची वीत

कुंपणाचा डांब सगळ्यात आधी कुजतो तो मातीच्या तोंडाशी. खाली खोलात ओल असते, पण हवा कमी. वर हवा असते, पण ऊन ओल टिकू देत नाही. मधल्या वितीत बुरशीला दोन्ही मिळतं. परसात आपल्या हातांनी कुंपण घालायला निघालेला माणूस बहुधा फाटकाच्या घडणीत रमतो आणि ही वीत विसरतो. काही पावसाळ्यांनी कुंपण आडवं होतं, तेव्हा फळ्या अजून धडधाकट असतात.

सातारा आणि सांगली शेजारी जिल्हे, पण ही वीत सगळीकडे सारखी वागत नाही. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. आटपाडी-जतकडे ५०० झाला तरी समाधान.

जावळी-पाटणच्या डोंगरात बांबू चिरून कामट्या काढायच्या आणि आडव्या काठ्यांत ओवून वई उभी करायची, ही जुनी रीत. वाऱ्याला वाट राहते, एखादी कामटी मोडली तर तेवढीच बदलता येते. बांबू मात्र पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडावा. कोवळा नको, तीन वर्षांचा तरी हवा. त्याच्या अंगात पिष्ट असतं आणि त्यावर भुंगा पोसतो. काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की ते बरंचसं निघून जातं. डांबासाठी कापताना वरचं टोक पेराला लागूनच ठेवायचं, नाहीतर पोकळीत पावसाचं पाणी साठतं. २०१७ साली वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे खाजगी रानातला बांबू तोडणं-नेणं सोपं झालं. परसाच्या कुंपणाला याहून जवळचं काही नाही.

कृष्णाकाठी मिरज, पलूस, वाळव्यात गाठ पडते ती काळ्या मातीशी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि डांबाला ढकलते. म्हणून खड्ड्यातून निघालेली माती परत खड्ड्यात घालू नये. पाच फूट उंचीच्या कुंपणाला साडेसात फुटी डांब घ्यावा, अडीच फूट जमिनीत. तळाशी खडी, भोवती मुरूम, आणि दर अर्ध्या फुटाला धुमसाने ठोकणी. तोंडाशी मातीचा उतार बाहेरच्या अंगाला. पूर्वी डांबाचं टोक भाजून पुरत. तो थर पातळ असतो, त्याला तडे जातात आणि वाळवी आत शिरते. त्यापेक्षा सागाचा गाभा निवडावा, पांढरं लाकूड तासून टाकावं, आणि मातीच्या वर-खाली वीतभर डांबर द्यावं.

आणि फटी ठेवाव्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. सलग फळ्यांच्या भिंतीला वाहून आलेला पाला-कचरा अडतो आणि मागचं पाणी सगळा भार तिच्यावर टाकतं. कासच्या पठाराची गोष्ट वेगळी असली तरी याच विचाराकडे नेणारी: फुलं राखायला लोखंडी जाळी उभारली, पण गुरांची आणि वन्यप्राण्यांची ये-जा अडल्याची तक्रार वाढली आणि ती जाळी काढावी लागली. काय अडवायचं याबरोबर काय जाऊ द्यायचं, हेही दोरी ताणण्याआधी ठरलेलं बरं.

काम संपलं असं वाटतं, पण पहिला वळीव पडून गेल्यावर पुन्हा एक फेरी असते. प्रत्येक डांब दोन्ही हातांनी धरून हलवायचा, ओळंबा लावायचा. जो हलेल त्याच्या बुडाशी पहार घालून मुरूम पुन्हा भरायचा आणि ठोकायचा. कोपऱ्यातल्या डांबाला बहुधा तिरका टेकूही द्यावा लागतो. दोन्हीकडची ओढ त्याच्यावरच येते.