लोण्याचा वास

लीड्सला आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. त्यांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते घरी केलेल्या लागर बिअरमुळे झालं, हे मी अभिमानानं लिहिते. माहेरी-सासरी कुणी दारूला शिवलं नव्हतं, तरीही.

आजोबा कापडगिरणीतून निवृत्त झालेले. घरी बिअर करायला परवाना लागायचा, तो इंग्लंडात १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. सत्तरच्या दशकात बूट्स या औषधांच्या दुकानातही बिअरचे किट मिळायचे. आजोबांनी सुरुवात केली ती तेव्हा. किट म्हणजे हॉप्स घातलेल्या माल्टच्या अर्काचा डबा. अर्क काकवीसारखा दाट. गरम पाण्यात तो विरघळवायचा, साखर घालायची, गार पाणी ओतून २३ लिटर करायचं आणि यीस्ट टाकायचं.

एवढं कुणालाही जमतं. लागरची खरी कसोटी पुढे. डब्यावर लागर लिहिलेलं असलं तरी झाकणाखालच्या पुडीत पुष्कळदा एल या दुसऱ्या जातीच्या बिअरचं यीस्ट असतं, कारण ते घरातल्या उबेत काम करतं. आजोबा ती पुडी बाजूला ठेवत आणि डब्ल्यू-३४/७० या लागरच्या यीस्टच्या दोन पुड्या वापरत. त्याला १२ अंशांच्या आसपासचा गारवा मानवतो. यॉर्कशरच्या हिवाळ्यात त्यांच्या गॅरेजमध्ये तो फुकट मिळे.

वयोमानानं आजोबांना वास येईनासा झाला होता. लागरमध्ये आंबताना तयार झालेलं डायअसेटिल राहून गेलं तर लोण्याचा वास मारतो, आणि तो घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरला कळत नाही. एकदा त्यांनी मला बोलावून एकाच पिंपातल्या बिअरचे दोन ग्लास पुढे केले. एक गार, दुसरा गरम पाण्यात ठेवून कोमट केलेला; उबेनं दडलेला वास वर येतो. "जरा बघतेस का?" म्हणाले. मी हुंगून सांगितलं, "दुसऱ्यात लोणी आहे. कढवायला ठेवल्यावर येतो ना, तो वास."

हे कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. मिरजेला आई लोणी कढवायची तेव्हा पातेल्यापाशी मला बसवायची. बेरी करपायच्या आत, नुसत्या वासावर गॅस बंद करायला मी शिकले होते. ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं, वहीत आकड्यांशेजारी माझे शब्द लिहिले आणि पिंप घरात आणून १८ अंशांवर ठेवलं. उबेत यीस्ट ते डायअसेटिल पुन्हा खाऊन टाकतं. दोन दिवसांनी परत बोलावलं. वास गेला होता. मग बाटल्या भरल्या आणि कित्येक आठवडे थंडीत मुरायला ठेवल्या.

तेव्हा त्या देशात माझी बी.एस्सी. कुणी विचारत नव्हतं. अर्ज जायचे, उत्तरं यायची नाहीत. आणि एक म्हातारा माणूस २३ लिटर बिअर माझ्या नाकाच्या भरवशावर अडवून धरत होता! मला काही येतं, हे त्या गॅरेजमध्ये मला पुन्हा पटलं.

पुढे एका खाद्य प्रयोगशाळेत वास आणि चव पारखण्याचं काम निघालं. ओळखीच्या माणसाचं पत्र हवं होतं. ते मी आजोबांकडे मागितलं. त्यांनी हातानं लिहून दिलं. त्यात माझ्या स्वभावाची स्तुती नव्हती. कोणत्या पिंपात मला काय सापडलं ते तारखांसह लिहिलं होतं, आणि खाली: ही सांगेल त्याच दिवशी मी बाटल्या भरतो.