लोणारचा खार

२०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. कोणी चमत्कार म्हटला, कोणी लवणासुराचे रक्त. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि सांगितले, की पाणी आटून खारटपणा वाढला व मीठप्रिय सूक्ष्म जीव माजले, रंग त्यांचा.

माझ्या सासूबाई लोणारच्या. तिथल्या खारावाचून पापड फुलत नाही, हे त्यांचे ठाम मत. अबुल फझलनेही 'ऐन-इ-अकबरी'त लोणारच्या साबण-काचेच्या सामग्रीची नोंद केली आहे. पण सासूबाईंपुढे अबुल फझलची काय कथा! रंगाचे त्यांना काही नव्हते. "जावईबापू, कमळजेच्या देवळापासून पाणी किती हटलं?" एवढेच त्या विचारीत.

टाळेबंदीत आमच्या ह्या शहरातून लोणारला जाणार कसे? पूर्वी एकदा एका कचेरीत पाण्याच्या मोजणीची वही पाहायला मागितली, तर "मास्तर, तुम्हाला कशाला हवी?" म्हणून मला वाटेला लावले होते. लँडसॅट उपग्रहाची चित्रे मात्र २००८ पासून कोणालाही फुकट मिळतात. त्याआधी एकेका चित्राला शेकडो डॉलर पडत. ती मोजण्याची 'क्यूजीआयएस' ही आज्ञावलीही फुकट, आणि तिच्या आतली सारी लिखावट उघडी. आमच्या घरच्या चिवड्याची कृती ह्याहून गुप्त आहे!

हिरवे पान तांबडा प्रकाश पिते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. पाणी तो गिळून टाकते. एवढ्यावरून काठची वेडी बाभूळ, खारा चिखल आणि पाणी वेगळे काढता येते. एक चौकट ३० मीटरांची, म्हणून देवळाची पायरी तीत हरवते. गाळाला तर उपग्रह पुरत नाही. तळातून काढलेल्या सुमारे १० मीटर गाळावरून ११,००० वर्षांच्या पावसाचा इतिहास २०१४ मध्ये छापून आला. दुष्काळ चिखलात असे नोंदलेले असतात, हे वाचून मला रात्री झोप आली नाही.

मी सालोसालची काठाची रेघ काढून कागद सासूबाईंपुढे ठेवला. चष्मा लावून त्यांनी तो न्याहाळला.

"मी परकरात होते तेव्हाची रेघ कुठं?"

हा उपग्रह १९७२ साली उडाला, त्याआधीचे चित्र नाही, असे मी सांगितले.

"मग पेन्सिल आणा," त्या म्हणाल्या.