खुराड्याची वाट

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण आपण सारेच वापरतो. डालग्याखाली कोंबडे झाकणाऱ्याची तिने पुरेशी थट्टा केली आहे. परंतु ते कोंबडे सायंकाळी आपणहून डालग्यापाशी आले कसे, हे काही म्हण सांगत नाही. कोंबडीला घर उपजतच ठाऊक असते, अशी आपली समजूत. ती निम्मीच खरी आहे.

उंच जागी बसून रात्र काढावी, एवढेच तिला उपजत कळते. तिचा पूर्वज लाल रानकोंबडा आजही झाडावरच निजतो. पिल्ले लहान असतात तोवर त्याची मादी त्यांना पंखांखाली घेऊन जमिनीवर बसते. त्यांच्या पंखांत बळ आले की त्यांना घेऊन फांदीवर चढते. उंचीची ओढ रक्तातली. पण कोणती फांदी आपली, हे आई दाखवते.

आमच्या पिल्लांना आईच नव्हती. इंदूरच्या आमच्या परसात गेल्या वर्षी आलेली ती सात पिल्ले कडकनाथ जातीची. झाबुआ-अलीराजपूर भागातल्या भिल्ल-भिलालांच्या अंगणात वाढलेले हे वाण. कातडी, तुरा, मांस सारे काळसर. आमची तर पिसांनीही काळीभोर. झाबुआच्या या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही लाभले. मात्र या जातीच्या कोंबड्या क्वचितच खुडूक होतात. म्हणून त्यांची अंडी बहुधा दुसऱ्या जातीच्या कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात ठेवतात. आमची पिल्ले यंत्रातली. एकविसाव्या दिवशी कवच फोडून ती जगात आली ती विजेच्या दिव्याच्या उबेत. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनएक अंश कमी, असे त्यांचे मातृसुख मोजून मापून दिलेले.

दोन महिन्यांची झाल्यावर त्यांना खुराड्यात हलवले. बारीक जाळी, वर वाऱ्याला झरोका, आत दीड फुटावर कडा घासून गोल केलेली रुंद दांडी, प्रत्येकीला वीतभर जागा. पाच दिवस दाणापाणी आतच दिले. सहाव्या दिवशी सूर्यास्ताला तासभर अवकाश असताना दार उघडले. अंधारून आले तेव्हा तीन पिल्ले आत गेली, तीन दाराबाहेर एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसली, आणि सातवी तलंग पेरूच्या झाडावर दिसेनाशी झाली. काळा अंधार आणि काळी पिसे! विजेरीच्या उजेडात पान कोणते आणि पंख कोणता, हे कळेना. पलीकडच्या छपरावर एक बोका निवांत बसून होता. आमची मुले रडवेली झाली.

शेजारी एक वृद्ध बाई राहतात; माहेर अलीराजपूरकडचे, मुले त्यांना दादी म्हणतात. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. उजेडात पिल्लांमागे धावू नये. खुराडे म्हणजे धरले जाण्याची जागा, असे त्यांच्या मनात बसते. पुरता काळोख पडू द्यावा. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती पळत नाही. मग दोन्ही हातांनी अलगद उचलून दांडीवर ठेवावे. जिथे ती रोज जागी होते, ती जागा ती धरते. दुसरे असे की, तिन्हीसांजेला अंगणाहून खुराडे अधिक काळोखे असते, म्हणून पिल्लू आत शिरायला भिते. तेव्हा आत लहानसा दिवा अर्धा तास ठेवावा आणि सारी चढून बसली की मालवावा.

दिवेलागणीला मुलांनी घरात असावे, हा आमच्याकडचा जुना दंडक. त्यासाठी हाका मारून घसा बसे. आता तीच मुले तिन्हीसांजेला खुराड्यात दिवा लावू लागली आणि काळोखात एकेक पिल्लू उचलून आत नेऊ लागली. आठवड्याने सहा पिल्ले आपण होऊन चढू लागली. सातवी मात्र पेरू सोडीना. रोज स्टूल लावून तिला उतरवावे लागे. अकराव्या रात्री ती कोणत्याच फांदीवर सापडली नाही. सकाळी झाडाखाली काळी पिसे होती. धाकटीने ती वेचून ओंजळीत धरली आणि विचारले, “तिला कळायला अजून किती दिवस लागले असते?” आम्हांला उत्तर देता आले नाही.

घर सांगून कळत नाही. पुन्हा पुन्हा तेथे नेऊन सोडावे लागते, आणि किती वेळा, हे आधी कोणी सांगू शकत नाही. परप्रांतात पिढ्या काढलेल्या आपल्या घरांना हे नवे नाही. आमच्या मुलांना मराठीही अशीच, रोज दिवेलागणीला थोडी थोडी करून लागली.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला तो सायंकाळीच. वीज गेली, खुराड्यातला दिवाही लागला नाही. छत्री घेऊन आम्ही परसात गेलो, तेव्हा सहाही जणी दांडीवर ओळीने बसलेल्या होत्या. कडेची वीतभर जागा रिकामी होती. आम्ही दाराला कडी लावली.