खडकवासल्यास पाहिलेली पाण्याची उसळी

पुण्याहून सिंहगडाच्या वाटेनें जाणारा प्रवासी खडकवासल्याचा जलाशय पाहतो, भाजलेलें कणीस खातो व पुढें निघतो. धरणाजवळच १९१६ सालीं मुंबई सरकारनें आरंभिलेली जलविद्येची संशोधनशाळा आहे, तिकडे फारसें कोणी वळत नाहीं. गेल्या हिंवाळ्यांत शाळकरी मुलांच्या सहलीबरोबर ती पाहण्याचा योग आम्हांस आला.

तेथें कांचेच्या भिंतींच्या एका अरुंद कालव्यांत धरणाची प्रतिकृति बसविलेली होती. माथ्यावरून पाणी पातळ, गुळगुळीत थरानें वेगानें उतरे, तळाशीं थोडें धांवे आणि एकाएकीं उसळून, फेंसाळून, खोल होऊन संथ चालूं लागे. वाटेंत अडथळा तर कांहींच दिसेना! अभियंते यास हायड्रॉलिक जंप म्हणतात. आपण पाण्याची उसळी म्हणूं. घरीं मोरींत नळाच्या धारेखालीं सपाट ताट धरिलें असतां जें गोल कडें उमटतें, तें याच जातीचें होय.

याचें कारण असें. उथळ पाण्यांत लाट ठराविक वेगानेंच सरकते. प्रवाह तिच्याहून वेगवान असला म्हणजे पुढील संथ पाण्याची वर्दी मागें पोंचतच नाहीं. मग वेग हळूहळू न आवरतां एकाच जागीं मोडतो. इटलींतील बिदोने यांनीं १८१८ च्या सुमारास यावर प्रयोग केले; पुढें फ्रान्सच्या बेलांजे यांनीं गणित बसविलें. त्या गणितानें १० सेंटीमीटर खोलीचें, सेकंदास ५ मीटर धांवणारें पाणी उसळीनंतर सुमारें ६७ सेंटीमीटर खोल होतें, त्याचा वेग पाऊण मीटरवर येतो आणि त्याची जवळजवळ अर्धी शक्ति भोंवऱ्यांत जिरते.

धरण बांधणारांस हेंच हवें असतें. ही शक्ति वाटेंत जिरली नाहीं, तर पाणी नदीचें पात्र उकरील व धरणाचा पायाच उघडा पडेल. म्हणून उसळी पक्क्या फरशीवरच यावी अशी योजना करितात. खालच्या अंगास पाणी कमी असल्यास उसळी सरकून उघड्या पात्रावर जाते. हा धोका आधीं ओळखतां यावा म्हणूनच त्या प्रतिकृतींची खटपट.

गृहस्थांनीं मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नदीवरील लहान बंधारा ओलांडून पडणाऱ्या पाण्याची उसळी खालच्या पाण्यांत बुडाली, म्हणजे वरून देखावा साधाच दिसतो. परंतु तेथें पृष्ठभागाचें पाणी उलटें, बंधाऱ्याकडे वाहतें. त्यांत सांपडलेल्यास तें पुनःपुन्हां धारेखालीं ओढतें, आणि फेंसांत हवा मिसळलेली असल्यामुळें शरीर नीट तरंगतही नाहीं. पट्टीचा पोहणाराही तेथें हतबल होतो. सुट्टींत मुलें नदीवर निघालीं, तर बंधाऱ्याखालच्या फेंसांत उतरूं नये, इतकें घरांतील वडीलधाऱ्यांनीं त्यांस निघण्यापूर्वीं सांगावें.