पॉवर सप्लाय

चिरंजीवांना गेम खेळायला खास कॉम्प्युटर हवा होता. बजेट ६०,००० रुपये. म्हणजे माझी होऊ घातलेली स्कूटर! लॅमिंग्टन रोडवर आम्ही सुटे भाग निवडायला बसलो. ग्राफिक्स कार्डानं एकट्यानंच जवळजवळ निम्मे पैसे गिळले. मग प्रोसेसर, मदरबोर्ड, १६ जीबी रॅम... मी बँकेतला कारकून, काटछाट रक्तातच. म्हटलं, "हा पॉवर सप्लाय स्वस्तातला घेऊ. नुसता कोपऱ्यात तर बसतो!"

"बाबा, दिसत नसला तरी सगळे त्याच्याच जिवावर चालतात. तो बिघडला तर बाकीच्यांनाही घेऊन जाईल."

मी मुकाट्यानं चांगला घेतला.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात डोकावून हिला विचारलं, "दमलीस का गं?"

ही चपापली. म्हणाली, "किती उडवलेत ते आधी सांगा!"